अंगदचं चूलबंद आवतण

धोंडसर गावात सगळ्यात जास्त शिव्या कोणी खाल्ल्या असतील, तर त्या अंगद सदाफुलेने. आमदाराच्या नावाने बोटं मोडायला लोकांना निवडणूक लागते, अंगदच्या नावाने मोडायला नुसता कोरडा नळ पुरायचा. गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. जामखेडच्या बाजूचा हा सगळा कोरडा टापू. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येतं आणि आलं म्हणेपर्यंत जातं. तलाव आटला, मोटार जळली, वीज गेली, पाइप फुटला, तरी बायांच्या तोंडी नाव एकच. मोटार कोणाच्या हलगर्जीने जळली, पाइप कोणत्या ठेकेदाराने हलका टाकला, हे विचारायला त्या कुठे जाणार? अंगद मात्र रोज दारावरून जायचा, म्हणून तो सापडायचा.

तोही निगरगट्ट झाला होता. शिव्या ऐकून घ्यायचा आणि हसून म्हणायचा की मावशे, तळ्यात असतं तर तुझ्याच नळाला आधी सोडलं असतं. हे तो प्रत्येक मावशीला म्हणायचा आणि प्रत्येक मावशीला ते खोटं आहे हे माहीत असायचं.

खांद्यावर आडव्या मुठीची, छातीला लागेल एवढी लोखंडी चावी टाकून तो आधी सायकलवर आणि मग एका जुन्या लुनावर गावभर फिरला. रस्त्यातल्या खड्ड्यात वाकायचं, व्हॉल्व्हला चावी लावायची, एक गल्ली बंद करून दुसरी चालू करायची. उभी हयात हेच. ग्रामपंचायत होती तोवर पगार मिळाला तर मिळाला. तिची नगरपंचायत झाली तेव्हा त्याला कायम करून घेतलं, पण तोवर केस पांढरे झाले होते आणि कंबर कामातून गेली होती. अलीकडे ऑफिसने मोबाईलवर 'धोंडसर पाणी' नावाचा ग्रुप काढून दिला होता. अंगदला लिहायचा कंटाळा, म्हणून तो त्यात बोलून टाकायचा: आज भीमनगर आन मारुती गल्ली, उद्या वरची आळी. गावातल्या दर घरातला एक तरी फोन त्या ग्रुपवर होता. लग्नाचे, मयताचे निरोप लोक दुपारी पाहतील, पण अंगदचा आवाज आला की भाकरी तव्यावर टाकून ऐकायचे.

या नोकरीने त्याचं एक नुकसान केलं आणि ते त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या, मनातून कधी गेलं नाही. अंगद आयुष्यात एकाही पंगतीत शेवटपर्यंत बसला नाही. एकुलत्या लेकीच्या, शुभांगीच्या लग्नात समाजमंदिरापुढे मंगलपरिणय झाला, पाहुणे पानावर बसले, अंगदने पहिला घास मोडला आणि फोन वाजला. वरच्या आळीत पाणी नव्हतं. नवरीचा बाप हात धुऊन, चावी खांद्यावर टाकून गेला. व्याह्यांनी विचारलं तेव्हा लंकाबाईने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तो परत आल्यावर तिने त्याला फाडून खाल्लं. गाव तुमाला काय देतंय, असं तिने विचारलं. अंगद म्हणाला, देईल. एक दिवस चारचौघांत खुर्चीवर बसवील. लंकाबाईने तो शब्द धरून ठेवला. ती अशा गोष्टी विसरणारी बाई नव्हे.

म्हणून यंदा एप्रिलमध्ये हर्षल घरी आला तेव्हा तिला आधी तोच शब्द आठवला. हर्षल हा नगरपंचायतीतला मोठा क्लार्क. वयाने अंगदच्या निम्मा असेल, पण मुख्याधिकारी साहेबांचा उजवा हात. साहेबांच्या मनात यायच्या आधी कागद तयार ठेवणारा. इतक्या वर्षांत त्याचे पाय कधी अंगदच्या भीमनगराला लागले नव्हते. त्या दिवशी तो आला, खाटेवर बसला आणि दिलेला चहा सगळा प्याला. लंकाबाईने ते बरोबर पाहून ठेवलं. हर्षलने सांगितलं की अंगदमामा महिनाअखेरीला रिटायर होतायत, तर साहेबांनी मनावर घेतलंय. निरोप समारंभ थाटात करायचा, गावाबाहेरच्या हॉटेलच्या लॉनवर. घरची सगळी मंडळी आणा, पाहुणे आणा, बायका जरा चांगल्या साड्यांत असू द्या, फोटो काढायचेत.

मग काय विचारता. अंगदची बहीण चांगुणाबाई गुडघेदुखी बाजूला ठेवून कर्जतच्या बाजूने एसटीने आली. शुभांगी नगरला दवाखान्यात नर्स आहे, तिने रजा काढली, नवऱ्यालाही काढायला लावली. लंकाबाई जरीकाठाची पांढरी साडी नेसली, जी जयंतीशिवाय पेटीतून बाहेर निघत नसे. अंगदने दोन वाक्यांचं भाषण ठरवलं होतं आणि ते तो न्हाणीत, खड्ड्यात, लुनावर, सगळीकडे पुटपुटत होता. गावाने मला सांभाळून घेतलं. कोणाला पाणी कमी-जास्त झालं असेल तर माफी असावी. एवढंच. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांची माफी मागायला निघालेला असा हा माणूस होता.

दुपार कलल्यावर भाड्याच्या जीपमधून सगळे लॉनवर उतरले. गावाच्या नळाला दहा दिवस थेंब नव्हता आणि इथली हिरवळ पाय ठेवताच ओली लागत होती. कोपऱ्यात नगरपंचायतीचा टँकर उभा होता. तो आज वरच्या आळीत जायचा होता, हे अंगदला माहीत होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली; पण समोर स्टेजवर त्याचाच फोटो असलेला मोठा फलक होता, खाली 'सेवापूर्ती समारंभ' लिहिलेलं होतं, आणि चांगुणाबाई तो फलक पाहून डोळे पुसत होती. अशा वेळी टँकरचं कोण बोलतो?

हर्षलने त्याला मधल्या सोफ्यावर बसवलं. साहेब आले. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. खाली ठिकाण, तारीख आणि वेळ आपोआप उमटते असले फोटो हर्षल मोबाईलवर काढत होता. ते असल्याशिवाय हल्ली सरकारी कार्यक्रमाचं बिल पास होत नाही. साहेबांबरोबर एक, घरच्यांबरोबर एक, सगळ्या स्टाफबरोबर एक. लंकाबाईला त्याने दोनदा पुढे सरकायला सांगितलं. अंगद माइककडे पाहत होता, भाषण ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हर्षलने मोबाईल खिशात टाकला, स्टेजच्या मागे कोणाला तरी हात केला आणि दोन पोरांनी येऊन फलकाच्या दोऱ्या सोडल्या. अंगदचा फोटो घडी होऊन खाली आला. मागे दुसरा फलक बांधूनच ठेवलेला होता. त्यावर साहेबांचा हसरा चेहरा, बदलीबद्दल शुभेच्छा आणि स्नेहभोजन.

हर्षल सोफ्याजवळ येऊन वाकला आणि म्हणाला, "मामा, ती शाल द्या जरा. साहेबांना घालायचीय."

आपल्याकडे सत्काराच्या शाली फिरतात हे काही नवीन नाही. एका पाहुण्याच्या खांद्यावरची शाल घडी मोडायच्या आत दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, नारळाला तर किती जणांचे हात लागलेले असतात ते नारळालाच माहीत. पण माणूस शाल पांघरून बसला आहे, समोर त्याची बायको, लेक, जावई, बहीण बसली आहे, आणि तुम्ही ती त्याच्या अंगावरून मागता? भिकाऱ्याच्या अंगावरून कोणी गोधडी ओढत नाही.

अंगदला काही सुधरेना. त्याने शाल घट्ट धरली आणि कार्यक्रम कसला आहे, एवढंच विचारलं. हर्षलला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. त्याने अंगदला बाजूला घेतलं आणि लहान पोराला समजावतात तसं समजावलं.

"साहेबांच्या नावानं खर्च टाकता येत नाही मामा, ऑडिट धरतं. तुमच्यासारख्या कामगाराच्या नावानं टाकला की कोण बोलत नाही. यात तुमचं काय गेलं? उलट तुमचा फोटो निघाला."

मग त्याने पुढचं सांगितलं. आता इथे स्टाफचं आणि ठेकेदार मंडळींचं बसणं-उठणं सुरू होईल, बाटल्या येतील, बायकांना ते बरं दिसणार नाही. पाहुण्यांना जीपमधून घरी लावून द्या, मागाहून डबा पाठवतो. तुम्ही मात्र थांबा. जेवताना पाणी कमी पडलं तर टँकर बघायला माणूस पाहिजे.

स्वतःच्या निरोपाच्या पंगतीत पाणी वाढायला थांबा! असं सांगणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. अंगदने काढला नाही. उभ्या आयुष्यात त्याने कोणावर हात उचलला नव्हता, आणि अशा माणसांना ऐन वेळी हातही उचलता येत नाही. त्याने शाल उतरवून हर्षलच्या हातात दिली, येऊन बायकोला हळूच सगळं सांगितलं आणि चला म्हणाला. मान खाली होती.

लंकाबाईने ऐकून घेतलं. शुभांगी मोबाईल काढून शूटिंग करते म्हणत होती, तिला हाताने गप्प केलं. मग नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "कार्यक्रम कुनाच्या नावानं हाय?"

"माझ्या," अंगद म्हणाला.

"मग यजमान तुमी. यजमानानं पाव्हन्यांना उपाशी लावून द्यायची रीत हाय का आपल्यात? मी तर बसनार." आणि ती पहिल्या ओळीत, साहेबांच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर, चिठ्ठीसकट बसली. तिच्या शेजारी, तशाच पांढऱ्या साडीत, चांगुणाबाई बसली. स्टाफची मंडळी घुटमळायला लागली. पांढऱ्या साडीतल्या दोन बायका समोर बसल्यावर बाटली काढायची कोणाची छाती होईना.

यजमान तुमी, हा शब्द अंगदच्या डोक्यात शिरला. त्याची नजर टँकरवर गेली. त्याने गल्लोगल्ली फिरून, लोकांच्या हातापाया पडून पाणीपट्टी वसूल केली होती. नळ तोडायला त्यालाच पाठवायचे. भीमनगरातल्या म्हाताऱ्या साळूबाईचा नळ त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता आणि नंतर आठवडाभर त्याला भाकर गोड लागली नव्हती. तो पैसा इथे पातेल्यात शिजत होता आणि वर त्याचंच नाव लावलेलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने खिशातून फोन काढला, पाण्याचा ग्रुप उघडला आणि नेहमीच्या आवाजात बोलला:

"अंगद बोलतोय. पान्याचा टँकर हायवेच्या लॉनवर उभा हाय. आज हितं माझा निरोप समारंभ हाय, नगरपंचायतीनं जेवन ठिवलंय. सगळ्या गावाला माझं चूलबंद आवतन हाय. आज कुनी चूल पेटवू नका, घरातली समदी या."

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या एकाला नाही, तान्ह्या पोरासकट सगळ्या घराला बोलावणं. आपल्याकडे माणूस ते आयुष्यात एक-दोनदा देतो, लेकीच्या लग्नात किंवा घर बांधल्यावर, आणि ज्याला दिलं त्याने यायचंच असतं. न येणं म्हणजे नातं तोडणं.

आता लोकांची गंमत पाहा. अंगदचा आवाज म्हणजे पाणी, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्या वाक्याला टँकर हा शब्द आला आणि अर्ध्या गावाने पुढचं ऐकलंच नाही. बाया हंडे, कळशा, बादल्या घेऊन पळत सुटल्या. पुरुषांनी मोटारसायकलींना ड्रम बांधले. ज्यांनी शेवटपर्यंत ऐकलं ते पोराबाळांना धुतलेले कपडे घालून आले. त्यामुळे लॉनवर जे लोक शिरले त्यातले निम्मे पाणी भरायला आल्यासारखे आणि निम्मे लग्नाला आल्यासारखे दिसत होते. साहेबांच्या गळ्यात नुकताच हार पडला होता. समोरून डोक्यावर रिकामे हंडे घेतलेल्या बाया येताना पाहून त्यांना वाटलं मोर्चाच आला. ते स्टेजवरच्या खुर्चीवरून उठले आणि हर्षलच्या मागे जाऊन उभे राहिले.

मोर्चा नाही म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. आणि तिथे या माणसाची खरी जात कळली. तोंडावर चिडीची रेषही न आणता त्यांनी माइक हातात घेतला. आमचे अंगदराव म्हणजे गावाचा प्राण, असं सुरू केलं. अंगदरावांसाठी नगरपंचायतीने आज गावजेवण ठेवलं आहे, सर्वांनी आनंद घ्यावा, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, त्यांना काय माहीत? हर्षलने डोळ्याने खूण केली, पहिला फलक पुन्हा वर चढला, अंगदला पुन्हा मधल्या सोफ्यावर आणून बसवलं आणि मोबाईल बाहेर आले. आता तर एवढ्या गर्दीचे फोटो मिळत होते, की ऑडिटवाला बिलाकडे बोट दाखवणार नव्हता. अंगदने ज्यांना तोंडघशी पाडायला गाव बोलावलं, त्यांचंच काम गावाने सोपं केलं होतं. शुभांगीने हे बापाच्या कानात सांगितलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

साहेब शाल घेऊन आले. ती आता त्यांच्या अंगावरची होती. पुन्हा अंगदच्या खांद्यावर घालण्यासाठी त्यांनी हात उंच केले आणि फोटोसाठी तसेच धरून ठेवले.

अंगद सोफ्यावरून उठला नाही. साहेबांपुढे बसून राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ. त्याने एका हाताने शाल अडवली. माइक शेजारी चालू होता, त्यामुळे तो जे बोलला ते सगळ्या लॉनला ऐकू गेलं.

"ही शाल तुमच्यासाठीच आनली हुती साहेब. मघाशी माझ्या अंगावरची काढून घ्यायला मानूस पाठवला तुमी. आता ऱ्हाऊ द्या तुमच्याच अंगावर. माझा फोटो घ्यायचा तर बिनशालीचा घ्या."

टाळ्या थांबल्या. पुढच्या बायांनी एकमेकींना विचारलं, काढून घेतली म्हणजे काय? लंकाबाईने खुर्चीवर वळून सांगायला सुरुवात केली. तिला माइकची गरज नव्हती. फलक कसा उतरवला, बायकांना कसं घरी जायला सांगितलं, अंगदला पाणी वाढायला कसं थांबवून घेत होते आणि मागे कोणाचा फलक होता, हे तिने पहिल्या ओळीला सांगितलं आणि ते ओळीओळीने मागच्या हंड्यांपर्यंत गेलं. अंगदला जन्मभर सगळ्यात घाणेरड्या शिव्या देणारी वरच्या आळीची एक बाई तिथेच उभी होती. तिने त्याच शिव्या, एकही न बदलता, तोंड फिरवून साहेबांना दिल्या. साहेबांची गाडी दुसऱ्या फलकाचा कार्यक्रम अर्धाच टाकून निघून गेली. मागोमाग ठेकेदार गेले, आणि बाटल्यांचे खोके जसे आले तसे परत गेले.

लोकांनी आधी हंडे भरले आणि मग पंगती धरल्या. मटण पहिल्या पंगतीलाच संपलं. पुढे नुसता रस्सा, तोही वाढवत वाढवत पाण्यासारखा झालेला. कोणी कुरकुर केली नाही. जेवताना दोनदा अंगद सवयीने उठायला लागला. दोन्ही वेळा वरच्या आळीच्या बाईने त्याला खांदा दाबून बसवलं.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण अशी माणसं गप्प बसत नाहीत. नोकरीच्या शेवटच्या दिवशी अंगद चावी जमा करायला ऑफिसात गेला, तर हर्षलने त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा ग्रुपचा आपण खासगी कारणासाठी वापर केला, ही बाब गंभीर असून खुलासा करावा, तोवर पेन्शनचं प्रकरण पुढे जाणार नाही. सरकारी पैशावर बदलीचं मटण रांधणारे लोक अंगदला विचारत होते की सरकारी ग्रुपवर खासगी का बोललास! ज्याने हा कागद लिहिला त्याचा हात कसा वळला असेल, देव जाणे. लॉनचं बिल त्याच आठवड्यात पास झालं होतं. अंगदच्या नावाने, गर्दीच्या फोटोंसकट.

शुभांगीने घरी फोनवर खुलासा कसा लिहायचा ते सुचवलं. नजरचुकीने झालं म्हणा, दिलगिरी म्हणा, आधी पेन्शन पदरात पडू द्या, मग बघू. तिचं काही चुकत नव्हतं. भीमनगरातल्या शाळेच्या मास्तरणीला, यशोधराला, लिहायला बोलावलं. तिने पाटावर कागद ठेवला, दिलगिरी व्यक्त करतो इथपर्यंत आली आणि अंगदकडे पाहिलं. अंगदने लंकाबाईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"ते खोड," अंगद म्हणाला. "आन लिही. त्यात खासगी काय नव्हतं. ज्यांच्या पैशाचं जेवन हुतं, त्यांनाच जेवायला बोलावलं."